सप्रेम भेट

आमच्या वाडीच्या देवळात मान वर केली की आधी पंखा दिसतो आणि पंख्याच्या तिन्ही पात्यांवर लाल रंगात एकच नाव. घड्याळावर नाव, बाकावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, पायरीवर तर अख्खं खानदान. सगळ्यांच्या खाली तेच दोन शब्द, सप्रेम भेट. देवाला ट्यूबलाइट दिली तरी उजेड पडायच्या आधी नाव पडलं पाहिजे, अशी आमची भक्ती. लहानपणी मला याची गंमत वाटायची. आता ते शब्द कुठेही वाचले की डोकं फिरतं. का फिरतं, ते एकदा नीट सांगून टाकतो.

पोलादपूर सोडून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की एक वाट खाली उतरून आमच्या वाडीत जाते. घरं मूठभर, त्यातल्या निम्म्यांना कुलूप, कारण माणसं मुंबईला. माझ्या वडिलांकडे देवीची गुरवकी होती. रोजची पूजा आणि दिवाबत्ती त्यांची, शिवाय देवीच्या रूपाची पेटी वर्षभर आमच्या घरी असायची. रूप म्हणजे देवीचा पितळी चेहरा. शिमग्याला तो पालखीत लावायचा आणि पालखी घरोघर न्यायची. बाहेरचे लोक त्याला मुखवटा म्हणतात. आमच्याकडे कुणी तसं म्हटलेलं मला आठवत नाही. मुखवट्याच्या मागे दुसरं कुणीतरी असतं. रूप म्हणजे ती स्वतःच.

तिच्या डाव्या गालावर डाग होता. फार पूर्वी पालखी नाचवताना कुणाचा तरी खांदा निसटला आणि ती सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या दगडी ओट्यावर, आपटली. महाडच्या तांबटाने चीर सांधून डाग दिला, पण रंग काही जुळला नाही. गाल तिथे कायमचा फिका राहिला. आई म्हणायची, "गावभर नाचते ती. खरचटायचंच की." शिमग्याच्या आदल्या दिवशी वडील तिला चिंचेने घासायचे तेव्हा त्या जागेवर मात्र अंगठा हळू फिरवायचे.

मी महाडला कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट, नव्वद सालानंतरची. त्या शिमग्याला वाडीतला एक जण मुंबईहून कॅमेरा घेऊन आला. हा गोदीत कामाला होता. पुढे तो मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाचा सेक्रेटरी झाला आणि गाव त्याला सेक्रेटरीच म्हणू लागलं, म्हणून मीही तेच म्हणतो. तो शब्द त्याला शोभतोही. त्याने रूपाचे पुढून, बाजूने, मागून फोटो काढले. मंडळाच्या अहवालात छापायचे आहेत म्हणाला. वडिलांनी रूप उन्हात धरून दिलं. "काका, हे अँटिक हाय," तो म्हणाला. "मुंबईत लोक वेडे होतील." वडिलांना अँटिक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. काहीतरी चांगलं असणार असं समजून ते हसले.

गणपतीला सगळी मुंबई वाडीत उतरते, घरांची दारं दिवसभर सताड उघडी. त्यानंतर नवरात्रात वडिलांनी पेटी उघडली. लाल कापड जसंच्या तसं, वर घातलेली गाठही तशीच, आणि आत रूपाच्या जागी एक वरवंटा. वजन भरावं म्हणून ठेवलेला. वडील तो वरवंटा मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिले, आणि आई त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होती, "अवो, ह्यो कुणाचा?"

कुणी तरी म्हणालं, पोलादपूरला जाऊन पोलिसांत द्या. जुनी माणसं उसळली. पोलीस देवीचं वर्णन लिहून घेणार, पंचनामा करणार, तिची बेअब्रू होणार. घरातली बाई पळाली म्हणून कुणी दवंडी पिटतो का? तिची वस्तू आहे, तिलाच विचारू. म्हणजे कौल लावायचा. देवळातल्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न घालायचा. उजवं फूल पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. कौल लावायचा मान गुरवाचा, म्हणजे वडिलांचा.

सगळा गाव देवळात उभा होता. वडिलांनी फुलं लावली, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, गावातल्याच मानसानं नेलं असंल तर उजवा दे." थोड्या वेळाने उजवं फूल पडलं.

फूल जमिनीवर पडलं आणि सगळ्या नजरा वडिलांवर पडल्या. पेटी त्यांच्या घरात, किल्ली त्यांच्या कमरेला. कुलूप साधं, खिळ्यानेही उघडेल असं, हे कुणी लक्षात घेतलं नाही. बांधाचं भांडण असो की सोयरिकीचा घोळ, जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं होतं, "कौल झाला, आता तोंड मिटा." आता त्यांची पाळी आली होती आणि त्यांनी तोंड मिटलं. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की मी दोन महिने घरी गेलो नाही.

तुम्हीच चोर, असं कुणी तोंडावर म्हटलं नाही. तेवढी सभ्यता गावात असते. गुरवकी भावकीत दुसऱ्याकडे गेली. मंडळाने जर्मन सिल्व्हरचं नवं रूप करून आणलं, त्याच्या हनुवटीखाली देणाऱ्यांची नावं कोरून. आणि पुढच्या शिमग्यापासून पालखी आमच्या दारात थांबायची बंद झाली. आई दर वर्षी अंगण सारवायची, रांगोळी काढायची, खण-नारळाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहायची. ढोल जवळ यायचा आणि तसाच पुढच्या घराकडे जायचा. मग ती ताट आत नेऊन ठेवायची आणि चुलीपुढे बसायची. मी म्हणायचो, कशाला उभी राहतेस? ती म्हणायची, "तिचं येनं तिच्याकडं, माजं उभं ऱ्हानं माज्याकडं." अशीच एका पावसाळ्यात ती गेली. तिची शेवटची भरलेली ओटी कुणी घेतली नाही, हे मी कधीच विसरणार नाही आणि कुणाला माफही करणार नाही.

वडिलांना गावाने नवं नाव दिलं, अँटिक. पोलादपूरच्या स्टँडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत ते पोचलं. "काय अँटिक, आज बाजार का?" असं लोक हसत हसत विचारायचे आणि वडील मान डोलावून हो म्हणायचे. शब्दाचा अर्थ त्यांना आता चांगलाच कळला होता.

मी शिकून महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात लागलो आणि बिरवाडीत खोली घेऊन राहिलो. नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. नव्या वर्षाला कंपनीने गुळगुळीत कागदाची कॅलेंडरं वाटली. दर वर्षी फुलं किंवा किल्ले असायचे, या वर्षी जुन्या कलावस्तू होत्या. पहिली पाळी संपवून खोलीवर आलो, खिळ्याला कॅलेंडर अडकवलं आणि सहज पानं उलटली. मार्चच्या पानावर देवी होती. काळ्या मखमलीवर ठेवलेली, डाव्या गालावर फिका डाग. खाली छापलं होतं, 'पितळी मुखवटा, कोकण. खाजगी संग्रह, मुंबई.' मार्च म्हणजे शिमग्याचा महिना. छापणाऱ्याला ते ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

मी ते पान घेऊन वाडीत गेलो. वडिलांनी चष्मा लावला, पान उजेडात धरलं आणि गालावरून अंगठा फिरवला, कागदावर, अगदी हळू. "हीच," ते म्हणाले. मग म्हणाले, "बारीक झाली रे." मला हसू आलं आणि रडूही आलं.

गावाच्या बैठकीला सेक्रेटरी मुंबईहून आला. आधी म्हणाला, असले मुखवटे कोकणात पायलीचे पन्नास. मी म्हणालो, डाग बघ. तो म्हणाला, प्रिंटिंगचा डाग असेल. मी म्हणालो, मग मी पोलिसांत जातो, तिथून वर्तमानपत्रात. तेव्हा त्याचा सूर एकदम मऊ झाला. "भावा, तापू नकोस. मी शोधून काढतो ना मानूस." कॅलेंडरवर संग्रह कुणाचा ते छापलेलं नव्हतं. सेक्रेटरीला घर सापडायला आठवडा लागला नाही.

वडील, मी आणि सेक्रेटरी, तिघे मुंबईला गेलो. समुद्राकडे तोंड केलेलं मोठं घर, दारात चपला काढायला वेगळी खोली. संग्राहक म्हातारे, गोरे, बोलायला फार गोड. आम्हाला बसवलं, पाणी मागवलं आणि सेक्रेटरीकडे वळून म्हणाले, "काय, गोदीतली नोकरी चालू आहे ना अजून?"

सेक्रेटरीची ओळख अजून कुणी करून दिली नव्हती.

मी वडिलांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या देवांकडे पाहत होते. भिंत भरून देव होते, प्रत्येकाला काच, प्रत्येकावर दिवा. संग्राहकांनी पांढरे हातमोजे घालून आमची देवी बाहेर काढली. उलटी केली तेव्हा पाठीवर पांढऱ्या रंगाने बारीक अक्षरं आणि आकडे घातलेले दिसले. वडिलांनी विचारलं, "ह्ये काय?" ते म्हणाले, "आमच्या संग्रहाचा नंबर." बँकेच्या कर्जातून म्हैस घेतली होती तेव्हा तिच्या कानाला असाच बिल्ला मारला होता. वडिलांनी हात लावायला पुढे केला, तर ते म्हणाले, "जरा सांभाळून, घामाने पितळ खराब होतं."

मी चोरीची गोष्ट काढली. त्यांनी शांतपणे विचारलं, तक्रार केली होती का? नव्हती. कागद काही? नव्हता. "मग चोरी झाली असं तुम्ही म्हणता," ते म्हणाले. "मला तर रीतसर मिळाली. आणि खरं सांगू का, तुमच्याकडे राहिली असती तर आज नाक उरलं नसतं. चिंचेने घासून घासून झिजवलंत तुम्ही तिला. तुमच्या देवळाचे कोरीव लाकडी खांब कुठे आहेत आता?" सिमेंटचं देऊळ बांधलं तेव्हा ते खांब महाप्रसादाच्या चुलीत गेले होते. भात छान शिजला होता. परतीच्या वाटेवर मला उत्तर सुचलं, की आमचं आम्ही जाळलं आणि आमचं तुम्ही नेलंत, या दोन गोष्टी एक नव्हेत. पण वरातीमागून घोडं. आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हेही मला तेव्हापासून टोचत आलं आहे.

देणार नाही, असं मात्र ते म्हणाले नाहीत. "माझं वय झालं. मी आनंदाने भेट देईन." मी म्हणालो, "परत द्याल." ते हसले. "भेट," ते म्हणाले. "आमचे वकील कागद पाठवतील."

सेक्रेटरी मुंबईतच थांबला. आम्ही दोघे एसटीने निघालो. माणगाव येईपर्यंत वडील खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "त्येला गोदीची नोकरी कशी ठाव?" थोड्या वेळाने म्हणाले, "म्हंजे कौल खोटा नव्हता. गावातलाच म्हनाली ती. बराबर बोलली. पुढचं मानूस आपन चुकलो." इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडावर सुटल्यासारखं काही दिसलं. ज्याने त्यांना मातीत घातलं त्याच्याबद्दल अवाक्षर नाही, देवी खोटं बोलली नाही याचंच समाधान. मला ते बघवत नव्हतं.

वकिलाचा कागद आला. त्यात लिहिलं होतं की सदर मुखवटा गावाने पूर्वी स्वखुशीने दिला होता, संग्राहक तो आता गावाला सप्रेम भेट देत आहेत, आणि याबाबत कुणाची काही तक्रार नाही. खाली गावकऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. आणि एक सही वेगळी, 'ज्यांच्या ताब्यातून वस्तू दिली गेली ते'. म्हणजे माझे वडील. ती सही नसेल तर देवी काचेतच राहणार.

सहाणेवर बैठक बसली. वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा गावाकडे काही मागितलं. म्हणाले, "सही करतो. पन तुमी एकदा हितं बोला, की चोरी झाली व्हती आन् मी चोर नाय. कागदावर नको. नुसतं तोंडानं बोला." एक जण म्हणाला, झालं गेलं गंगेला मिळालं. दुसरा म्हणाला, जुनी मढी कशाला उकरायची, आई येते आहे ना घरी? सेक्रेटरी खाली बघून नखाने बाकावरचा रंग खरवडत होता. मी त्याचं नाव घेतलं, गोदीची गोष्ट सांगितली. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "पुरावा हाय काय?" आणि गाव, हेच गाव, ज्याला वडिलांच्या वेळी एक फूल पुरलं होतं, ते आता पुराव्याची वाट बघत माझ्याकडे पाहू लागलं. मी म्हणालो, मग लावा कौल, विचारा तिला नाव. तर म्हणे, आता जमाना बदलला, असल्या गोष्टी कौलावर सोडू नयेत.

घरी आल्यावर मी वडिलांना सांगितलं, सही करायची नाही. राहू दे तिला तिथे. ती सही केलीत तर तुम्हीच तिला देऊन टाकली असं कायमचं ठरेल. ते चुलीतली लाकडं सारखी करत होते. म्हणाले, "तिला काचंत ठिवून मी साव होऊ?" दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. चौथीपर्यंतची शाळा, अक्षर मोठं आणि गोल. सेक्रेटरीने कागदावर फुंकर मारून शाई वाळवली.

शिमग्याच्या आठ दिवस आधी देवी मोटारीतून आली. बँड होता, मांडव होता. संग्राहकांना शाल, श्रीफळ आणि फेटा. त्यांनी वारशावर भाषण केलं आणि टाळ्या घेतल्या. सेक्रेटरीलाही शाल, कारण त्याच्या अथक प्रयत्नांमुळे हा योग आला. गाभाऱ्याच्या बाजूला संगमरवरी पाटी बसली, संग्राहकांचं पूर्ण नाव आणि खाली सप्रेम भेट. मी मांडवाच्या मागे उभा होतो. ज्याच्याकडून वस्तू गेली त्याला एक साधा नारळही नाही, आणि जो घेऊन गेला, ज्याने विकत घेतली, त्या दोघांच्या अंगावर शाली. आमचा गाव पाहुणचारात कधी कमी पडत नाही.

वडिलांना गुरवकी परत मिळाली. भावकीतला माणूस मुंबईला गेला होता आणि दुसरं कुणी करायला नव्हतं, हे खरं कारण. शिमग्याच्या आदल्या दिवशी ते देवळाच्या पायरीवर चिंच, राख आणि पाण्याची कळशी घेऊन बसले. रूप मांडीवर. पुढून घासून झालं, डागावर अंगठा हळूच फिरला, कपाळ उजळलं. मग त्यांनी तिला पालथं केलं, नंबरच्या भोवतीनं हात फिरवला आणि नंबर तसाच ठेवून पाणी ओतलं.

सेक्रेटरी मागे उभा होता. "काका, तो नंबर काढा की घासून. बरा नाय दिसत."

वडिलांनी रूप फडक्याने पुसलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पोलिसांत कागद नाय, गावाच्या तोंडात सबूद नाय. तिला कुणी उचलून नेलती, ह्ये तेवढं तिच्या पाठीवर लिवलेलं हाय. मी हाय तवर त्याला हात लावायचा नाय."

दुसऱ्या दिवशी पालखी आमच्या दारात थांबली. अंगण मीच सारवलं होतं, वेडंवाकडं. आईचं ताट माझ्या बायकोने धरलं होतं. ढोल वाजत होता, गाव पुढून पाया पडत होता. वडील पालखीला वळसा घालून मागे गेले, रूपामागचं कापड थोडं बाजूला केलं आणि तिथेच डोकं टेकलं.